कर्नलमधलं डीएमए: तुमच्या रॅममध्ये कोण, कुठे आणि कधी लिहिणार

लिनक्स कर्नल स्वतः कंपाइल करायला बसलं की मेन्यूकॉन्फिग, म्हणजे कर्नलमध्ये काय घ्यायचं ते निवडायचा मेन्यू, उघडायचं, स्लॅश दाबून डीएमए (डायरेक्ट मेमरी अ‍ॅक्सेस, म्हणजे डिव्हाइसने प्रोसेसरला मध्ये न घेता थेट रॅममध्ये वाचणं-लिहिणं) सर्च करायचं, आणि मग स्क्रीनभर रिझल्ट बघून डोकं धरायचं, हे बहुतेकांचं होतं. एक ऑप्शन मेमरी मॅनेजमेंटमध्ये, एक प्रोसेसरच्या मेन्यूत, डिव्हाइस ड्रायव्हर्समध्ये तर अख्खा उपमेन्यू, आयओएमएमयूचा (डिव्हाइसला दिलेले पत्ते तपासणारं हार्डवेअर, पुढे येईलच) विभाग वेगळाच, आणि तळाला कर्नल हॅकिंगमध्ये पण डीएमए आहेच. मग एकतर सगळ्याला वाय देऊन मोकळं व्हायचं नाहीतर डिफॉल्ट आहे तसं सोडून पुढे जायचं. साध्या डेस्कटॉपवर हे खपून जातं. पण एखादा छोटा बोर्ड हाताळायचा असेल, व्हर्च्युअल मशीनला आख्खं नेटवर्क कार्ड द्यायचं असेल किंवा ड्रायव्हर लिहायचा असेल तर नाही खपत, आणि तेव्हा कळतं की डीएमए म्हणजे स्पीड वाढवायचं एक बटण नव्हे, तर कुठल्या डिव्हाइसला रॅममध्ये कुठवर हात घालू द्यायचा याचे ते नियम आहेत. हे एकदा डोक्यात बसलं की विखुरलेले सगळे ऑप्शन बऱ्यापैकी जागच्या जागी दिसायला लागतात.

आधी डीएमए नसतं तर काय झालं असतं ते बघू. नेटवर्क कार्डावर १५०० बाइटचं पॅकेट आलं. प्रोसेसरने ते स्वतः उचलायचं म्हटलं तर एका वेळी ८ बाइट धरून १८८ वेळा कार्डाकडून वाचावं लागणार, आणि पीसीआय एक्सप्रेसवरून डिव्हाइसचं एक रजिस्टर वाचायला शेकडो नॅनोसेकंद जातात, तेवढा वेळ तो कोअर नुसता उत्तराची वाट बघत थांबतो. ५०० नॅनोसेकंद धरले तरी एका पॅकेटला ९० मायक्रोसेकंदांच्या वर गेले, म्हणजे सेकंदाला जेमतेम १० हजार पॅकेट. आणि १० गिगाबिटच्या लाइनवर पूर्ण आकाराची पॅकेट सेकंदाला साधारण ८ लाख येतात! म्हणजे प्रोसेसर कितीही तगडा असला तरी या पद्धतीने गाडी पुढे सरकणारच नाही. या पद्धतीला प्रोग्रॅम्ड आयओ म्हणतात, पीआयओ.

डीएमएमध्ये काय होतं, तर ड्रायव्हर सुरुवातीलाच रॅममध्ये रिकाम्या बफरांची एक यादी तयार करतो, तिला डिस्क्रिप्टर रिंग म्हणतात, प्रत्येक नोंदीत एका बफरचा पत्ता आणि लांबी असते, आणि त्या रिंगचा पत्ता कार्डाला सांगून ठेवतो. पॅकेट आलं की कार्ड स्वतःच पुढची नोंद वाचतं, त्या पत्त्यावर रॅममध्ये डेटा लिहितं, नोंदीत झालं म्हणून खूण करतं आणि इंटरप्ट देतं, म्हणजे प्रोसेसरला इशारा करतं. प्रोसेसर या सगळ्यात नसतोच, तो त्याचं दुसरं काम करत असतो, इंटरप्ट आला की येऊन तयार डेटा बघतो.

छानच आहे, पण जरा थांबून विचार करा. प्रोसेसरवर चालणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमला पेज टेबलची वेसण असते, एका प्रोग्रॅमने दुसऱ्याच्या मेमरीत लिहायचा प्रयत्न केला तर हार्डवेअरच त्याला अडवतं. डीएमए करणारं कार्ड त्या रस्त्याने जातच नाही. त्याला जो पत्ता दिला तिथे ते लिहिणार, मग तिथे कर्नलचा स्वतःचा कोड का असेना. त्यामुळे कर्नलला तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात: या डिव्हाइसचा हात रॅममध्ये कुठपर्यंत पोचतो, त्याला दिलेला पत्ता नक्की कुठे जातो, आणि या क्षणाला बफर कोणाच्या ताब्यात आहे. कॉन्फिगमधले जवळजवळ सगळे डीएमए ऑप्शन या तीनपैकी कुठल्या तरी एकाशी जोडलेले आहेत.

पहिलं, हात कुठपर्यंत पोचतो. हे समजायला थोडं मागे जावं लागतं. १९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये इंटेलची ८२३७ ही डीएमए कंट्रोलर चिप होती, चार चॅनलची. १९८४ च्या पीसी एटीमध्ये अशा दोन चिप जोडल्या, त्यातला चॅनल ४ दोघींना जोडण्यातच गेला. या व्यवस्थेत डीएमएचा पत्ता २४ बिटचा, म्हणजे पहिल्या १६ एमबीच्या पलीकडे काही दिसतच नाही. शिवाय ८ बिटच्या चॅनलवर एक ट्रान्सफर ६४ केबीची सीमा ओलांडू शकत नाही. आज हे चॅनल वापरणारे फ्लॉपी ड्राइव्ह आणि जुनी साउंड कार्डं गेली, पण कर्नलमध्ये झोन डीएमए नावाचा १६ एमबीचा पट्टा त्यांच्याच आठवणीत उभा आहे. त्यानंतर पीसीआय आलं, त्यात मधली वेगळी चिपच गेली, प्रत्येक कार्ड स्वतः बस मास्टर होऊन रॅमशी बोलायला लागलं, पण त्यातली कित्येक कार्डं ३२ बिटचेच पत्ते जाणतात, म्हणजे ४ जीबीच्या वरचं त्यांना दिसत नाही. त्यांच्यासाठी झोन डीएमए३२.

तर कॉन्फिगमध्ये झोन डीएमए आणि झोन डीएमए३२ दिसले की ते असे वाचायचे: रॅमचा खालचा एवढा भाग वेगळा ओळखून ठेव, कारण काही डिव्हाइसना तेवढंच दिसतं. नव्या ६४ बिट पीसीवर, जिथे आयसा (पीसीआयच्या आधीची जुनी बस) जमान्याचं काहीही नाही तिथे झोन डीएमए काढला तरी सहसा अडत नाही, डीएमए३२ मात्र काढायच्या फंदात पडू नका. आणि हे फक्त जुन्या पीसीचं दुखणं आहे असंही नाही. रास्पबेरी पाय ४ मध्ये काही पेरिफेरलना रॅमचा पहिला १ जीबीच दिसतो, बोर्डावर ४ जीबी असली तरी, म्हणून कर्नल ५.५ मध्ये ६४ बिट एआरएमसाठी झोन डीएमए मुद्दाम आणावा लागला.

झोन ही कर्नलची बाजू झाली. ड्रायव्हरनेही आपल्या डिव्हाइसची मर्यादा सांगायची असते, तिला डीएमए मास्क म्हणतात. ड्रायव्हर काहीच बोलला नाही तर कर्नल ३२ बिट धरून चालतो. ६४ बिटचं कार्ड आहे आणि ड्रायव्हरने मास्क वाढवलाच नाही तर चालतं सगळं, पण हळू, आणि का हळू ते बाहेरून कळत नाही, कारण मध्ये बाउन्स बफर येतो.

बाउन्स बफर म्हणजे खालच्या रॅममध्ये राखून ठेवलेली जागा. डेटा वरच्या रॅममध्ये आहे, कार्डाला तिथलं दिसत नाही, मग कर्नल आधी तो खालच्या राखीव जागेत कॉपी करतो आणि कार्डाला तिथला पत्ता देतो, येणाऱ्या डेटाचं याच्या उलट. म्हणजे ज्या कॉपीपासून सुटका हवी म्हणून डीएमए आणलं ती कॉपी मागच्या दाराने परत आली. लिनक्समध्ये या यंत्रणेचं नाव एसडब्ल्यूआयओटीएलबी, डिफॉल्ट आकार ६४ एमबी, २ केबीच्या तुकड्यांत वाटलेला, आणि एका वेळी सलग २५६ केबीपेक्षा जास्त मिळत नाही. डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या लॉगमध्ये, हा बफर भरल्याची ओळ दिसायला लागली की लोक आधी बूट पॅरामीटरने त्याचा आकार वाढवतात, तो आकडा तुकड्यांत द्यायचा असतो, म्हणजे ६५५३६ लिहिलं की १२८ एमबी होतात. पण माझ्या मते आधी हे बघावं की एवढं बाउन्स होतंयच का, कारण बऱ्याचदा मूळ दुखणं चुकीच्या मास्कचं नाहीतर बंद पडलेल्या आयओएमएमयूचं असतं. अपवाद एन्क्रिप्टेड मेमरीच्या व्हर्च्युअल मशीनचा, एएमडी एसईव्हीसारख्या, तिथे डिव्हाइसला त्या व्हर्च्युअल मशीनची एन्क्रिप्टेड मेमरी वाचताच येत नाही म्हणून सगळं डीएमए मुद्दामच या उघड्या बफरमधून जातं आणि तिथे तो मोठाच लागतो.

याच पोटात अजून एक भानगड येते, सलग मेमरीची. कर्नलचं नेहमीचं पेज वाटप ४ केबीच्या पानांवर चालतं आणि सहसा एका फटक्यात सलग ४ एमबीच्या वर देत नाही, तेवढंही मशीन बराच वेळ चालू असेल तर मिळेलच असं नाही कारण रॅमचे तुकडे तुकडे झालेले असतात. भारीतली कार्डं स्कॅटर गॅदर करतात, म्हणजे विखुरलेल्या तुकड्यांची यादी दिली की एकामागून एक उचलतात, त्यांना सलग जागेची पर्वा नाही. पण स्वस्तातल्या सिस्टम ऑन चिपवरचा कॅमेरा इंटरफेस तसा नसतो, त्याला आख्खी फ्रेम सलग हवी. ३८४० गुणिले २१६० ची एक फ्रेम, प्रत्येक पिक्सेलला २ बाइट, म्हणजे सुमारे १.६६ कोटी बाइट. अशासाठी सीएमए (कंटिग्युअस मेमरी अ‍ॅलोकेटर) आहे, कर्नल ३.५ पासून. बूट होतानाच रॅमचा एक सलग पट्टा बाजूला काढायचा, पण तो रिकामा सडवायचा नाही, हलवता येतील अशी पानं तिथे ठेवायची आणि कॅमेऱ्याने मागितलं की ती दुसरीकडे हलवून पट्टा मोकळा करून द्यायचा.

सीएमए आणि डीएमए सीएमए हे दोन्ही ऑप्शन चालू लागतात आणि खाली एमबीमध्ये आकार द्यायचा असतो, बऱ्याच ठिकाणी तो १६ असतो. आता वरचा हिशोब लावा, १६ एमबीत ती फ्रेम एकच मावते, आणि व्हिडिओ ड्रायव्हर किमान तीन-चार बफर मागतो, त्यामुळे पहिला बफर मिळतो आणि दुसऱ्याला मेमरी नाही असा एरर येतो, तेही बोर्डावर भरपूर रॅम मोकळी दिसत असताना. उपाय सोपा आहे, सीएमएचा आकार बूट पॅरामीटरने वाढवा, आणि प्रॉकमधल्या मेमइन्फो फाइलमध्ये सीएमए टोटल आणि सीएमए फ्री असे दोन आकडे असतात ते बघा.

दुसरी गोष्ट, पत्ता नक्की कुठे जातो. इथे आयओएमएमयू येतं आणि माझ्या मते सगळ्या डीएमए कॉन्फिगमधला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच. प्रोसेसरसाठी जसं पेज टेबल तसं डिव्हाइससाठी आयओएमएमयू. कार्डाला खरा पत्ता द्यायचाच नाही, एक मानलेला पत्ता द्यायचा, आणि मधलं हार्डवेअर त्याचं खऱ्या पत्त्यात भाषांतर करणार. तक्त्यात नोंद नसेल तर कार्डाला ती मेमरी मिळतच नाही. याचे दोन फायदे. विखुरलेली पानं कार्डाला सलग दाखवता येतात, ३२ बिटच्या कार्डालाही वरची रॅम दिसते, म्हणजे वरची बाउन्सची आणि सलग जागेची कटकट बरीचशी मिटते. आणि सुरक्षितता, जी जास्त मोलाची आहे. फायरवायर किंवा थंडरबोल्टच्या पोर्टात कोणी मुद्दाम बनवलेलं डिव्हाइस खुपसलं तर आयओएमएमयूशिवाय ते लॉक केलेल्या लॅपटॉपची रॅम वाचून जाऊ शकतं, अशा हल्ल्यांना डीएमए अटॅकच म्हणतात, आणि २०१९ मध्ये जाहीर झालेल्या थंडरक्लॅप संशोधनाने तर दाखवलं की आयओएमएमयू असूनही ऑपरेटिंग सिस्टीम तो ढिलाईने वापरत असेल तर भोक राहतंच.

इंटेलचं नाव व्हीटी-डी, एएमडीचं एएमडी-व्हीआय, एआरएमचं एसएमएमयू. इंटेलवर तीन ठिकाणी बघावं लागतं: बायोसमध्ये व्हीटी-डी चालू हवं, कर्नलमध्ये इंटेल आयओएमएमयूचा सपोर्ट हवा, आणि तो डिफॉल्टने चालू ठेवायचा ऑप्शन वेगळा आहे, तो नसेल तर बूट पॅरामीटर द्यावा लागतो. कंपाइल केलं पण चालूच नाही, हा प्रकार याच तिसऱ्या जागेमुळे होतो. डीमेसेजमध्ये डीमार (इंटेलच्या आयओएमएमयूच्या ओळींवर असणारं नाव) असं शोधलं की कळतं.

पुढचा प्रश्न, स्ट्रिक्ट, लेझी की पासथ्रू. बफरचं काम संपलं की तक्त्यातली नोंद काढायची आणि हार्डवेअरच्या कॅशमधूनही पुसायची. स्ट्रिक्टमध्ये हे लगेच होतं, सुरक्षित पण थोडं हळू. लेझीमध्ये पुसायचं काम साठवून एकदम केलं जातं, म्हणजे मधले काही मिलिसेकंद कार्डाचा हात त्या जागेवर राहू शकतो. एक्स८६ वर डिफॉल्ट लेझी आहे, ६४ बिट एआरएमवर स्ट्रिक्ट. पासथ्रूमध्ये होस्टच्या, म्हणजे मूळ मशीनच्या, स्वतःच्या डिव्हाइसना भाषांतर नाहीच, खरे पत्ते, पूर्ण वेग, पूर्ण विश्वास. व्हर्च्युअल मशीनला दिलेल्या कार्डांसाठी मात्र भाषांतर चालूच राहतं, म्हणून व्हर्च्युअलायझेशनच्या सर्व्हरवर हा पर्याय चालतो. लॅपटॉपवर पासथ्रू ठेवू नये असं मी ठामपणे सांगेन, तिथे मिळणारा वेग जाणवतही नाही आणि जाणारं संरक्षण खरं असतं.

आयओएमएमयू चालू केल्यावर एखादा ड्रायव्हर बिघडला आणि डीमेसेजमध्ये डीमारची फॉल्टची ओळ आली की लगेच आयओएमएमयू बंद करायचा सल्ला मिळतो. ती ओळ नीट वाचा आधी. तिच्यात वाचत होतं की लिहीत होतं ते असतं, डिव्हाइसचा नंबर असतो, समजा ०३:००.०, आणि ज्या पत्त्यावर अडलं तो पत्ता. नंबर एलएसपीसीआय या कमांडने मिळणाऱ्या पीसीआय डिव्हाइसच्या यादीत शोधला की कार्ड कुठलं ते कळलं. आयओएमएमयू बंद केल्यावर ओळ जाईल, पण तेच कार्ड तेच चुकीचं लिखाण आता गुपचूप रॅममध्ये करेल, आणि मग चार दिवसांनी भलताच प्रोग्रॅम क्रॅश होऊन त्याचं कारण शोधत बसावं लागेल. अडवलेली चूक परवडली.

तिसरी गोष्ट, बफर आत्ता कोणाच्या ताब्यात. प्रोसेसर रॅमशी थेट बोलत नाही, मध्ये कॅश असतो, रॅममधल्या डेटाची जवळ ठेवलेली प्रत. एक्स८६ वर हार्डवेअर स्वतःच कॅश आणि डीएमए यांचा मेळ घालतं, म्हणून तिथे चुकीचा ड्रायव्हरही वर्षानुवर्षं चालून जातो. एआरएमच्या बऱ्याच चिपवर असा मेळ नसतो आणि तिथे तोच ड्रायव्हर कधीतरी चुकीचा डेटा देतो. रोज नाही, कधीतरी, हेच तर जास्त वाईट.

जवळून बघा काय होतं. कॅश ६४ बाइटच्या ओळीने चालतो. ड्रायव्हरच्या स्ट्रक्चरमध्ये १६ बाइटचा एक डीएमए बफर आहे आणि त्याला चिकटून एक काउंटर, दोन्ही एकाच ओळीत पडले. कार्ड बफरमध्ये लिहिणार आहे. तेवढ्यात प्रोसेसरने काउंटर वाढवला, त्यासाठी पूर्ण ६४ बाइटची ओळ कॅशमध्ये आली, बफरचा जुना भागही सोबत आला. मग कार्डाने रॅममध्ये नवा डेटा लिहिला. मग कॅशला जागा हवी झाली म्हणून ती ओळ रॅममध्ये परत लिहिली गेली आणि कार्डाचा नवा डेटा जुन्याने पुसला गेला. कोडमध्ये एकही ओळ चुकीची दिसत नाही! म्हणूनच डीएमएचा बफर वेगळा घ्यायचा, कॅशच्या ओळीला धरून, ६४ बिट एआरएमवर तर यासाठी १२८ बाइटचं अलाइनमेंट धरलेलं आहे. स्टॅकवरचा लोकल अ‍ॅरे तर कधीच द्यायचा नाही, कर्नल ४.९ पासून ६४ बिट एक्स८६ वर स्टॅक व्हर्च्युअल मॅपिंगमध्ये असू शकतो आणि तिथला पत्ता डीएमएच्या कामाचाच नाही.

कर्नल यासाठी दोन रस्ते देतो. कोहेरंट मेमरी, जी दोघांना कायम सारखीच दिसते, डिस्क्रिप्टर रिंगसारख्या छोट्या आणि सतत लागणाऱ्या गोष्टींसाठी. आणि स्ट्रीमिंग मॅपिंग, जिथे बफर मॅप केला की तो डिव्हाइसचा, अनमॅप केला की परत प्रोसेसरचा, मधल्या काळात प्रोसेसरने त्याला हात लावायचा नाही, लावायचाच असेल तर आधी सिंक करून ताबा परत घ्यायचा. मॅप करताना दिशा सांगावी लागते, डिव्हाइसकडे की डिव्हाइसकडून, आणि ती खरी सांगायची कारण कॅशचं काय करायचं हे त्यावरच ठरतं. सगळीकडे दोन्ही दिशा लिहून टाकणारे ड्रायव्हर चालतात, फक्त विनाकारण जास्तीचं काम करतात.

डिव्हाइस ड्रायव्हर्समधल्या डीएमए इंजिनच्या उपमेन्यूने बरेच जण गोंधळतात, त्यांना वाटतं हा मेन्यू चालू केल्याशिवाय डीएमएच नाही. तसं नाही. नेटवर्क कार्ड किंवा एनव्हीएमई डिस्क स्वतः बस मास्टर आहेत, त्यांना याची गरज नाही. हा मेन्यू वेगळ्या बसलेल्या, सामायिक कंट्रोलरसाठी आहे. सिस्टम ऑन चिपवर यूएआरटी (सीरियल पोर्ट), एसपीआय (छोट्या चिप जोडायची बस), ऑडिओ यांना स्वतःचं डीएमए नसतं, ते एका मध्यवर्ती कंट्रोलरचे चॅनल वापरतात. तिथे कंट्रोलरचा ड्रायव्हर कॉन्फिगमध्ये घ्यायचा आणि डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावर काय कुठे आहे ते कर्नलला सांगणारी फाइल) त्या यूएआरटीच्या नोंदीत डीएमएज आणि डीएमए नेम्स या दोन ओळींनी कुठला चॅनल ते सांगायचं. चॅनल नाही मिळाला तर बरेच ड्रायव्हर बिनबोभाट पीआयओवर जातात, सगळं चालतं पण प्रोसेसरवर लोड दिसतो, म्हणून प्रॉकमधल्या इंटरप्ट्स फाइलमध्ये त्या पोर्टाचे आकडे किती वेगाने वाढतायत ते बघायचं.

नेटवर अजूनही हार्डडिस्कला एचडीपार्म या कमांडने डीएमए चालू करायचे सल्ले सापडतात. ते जुन्या आयडीई ड्रायव्हरच्या काळातले आहेत, तो ड्रायव्हर २०२१ मध्ये कर्नल ५.१४ मधून काढूनच टाकला, सध्याचा डिस्क ड्रायव्हर लिबएटीए स्वतःच मोड ठरवतो. प्रॉकमधली डीएमए नावाची फाइल बघून घाबरू नका तसंच, तिथे फक्त कॅस्केड (दोन चिप जोडणारा तो चॅनल ४) ही एकच ओळ असते, कारण ती फाइल त्या जुन्या आठ चॅनलचीच नोंद ठेवते. आपलं पीसीआय कार्ड डीएमए करतंय का ते एलएसपीसीआयच्या सविस्तर आउटपुटमध्ये बस मास्टरपुढे अधिकचं चिन्ह आहे का यावरून बघायचं, वजा असेल तर ड्रायव्हरने त्याला परवानगीच दिलेली नाही.

आणि ड्रायव्हरवर काम करणार असाल तर कर्नल हॅकिंगमधला डीएमए एपीआय डीबगिंगचा ऑप्शन चालू करून एक वेगळा टेस्ट कर्नल बनवाच. तो प्रत्येक मॅपिंगची नोंद ठेवतो आणि वेगळ्या साइजने अनमॅप केलं, दिशा जुळली नाही, मॅप झालं की नाही हे तपासलंच नाही, अशा चुका डिव्हाइसच्या नावासकट सांगतो, त्याही एक्स८६ वर, जिथे एरवी त्या कधीच दिसल्या नसत्या. वेग कमी होतो, म्हणून रोजच्या वापराच्या कर्नलमध्ये नको. टेस्ट झाल्यावर ड्रायव्हरचं मॉड्यूल एकदा काढून बघा, एखादा बफर अनमॅप करायचा राहिला असेल तर त्याच क्षणी हा डीबगर डिव्हाइस सोडलं तरी मॅपिंग शिल्लक असल्याची तक्रार करतो आणि किती शिल्लक आहेत तेही सांगतो.